बाबांचा पाईप आन् घोंगड्याचा कोपरा

पाणी खाली जायचं सोडून वर आलं. मी टमरेल हातात धरून नुसती बघत ऱ्हायले. मला वाटलं अजून एक टमरेल वतलं तर जाईल, म्हणून वतलं, तर ते बी वर आलं आन् संडासाच्या उंबऱ्याला लागलं. कडेवर माझी चिमी, अडीच वर्साची, ती खाली वाकून बघतेय आन् हात हलवून म्हणतेय, "गेला. बूत गेला. टाटा."

मी तिच्या पायाकडं बघितलं. एका पायात बूट हाय, दुसरा पाय उघडा.

ते बूट लाल, पाऊल टाकलं की पीं वाजणारं, ह्यांनी बाजारातनं आणलेलं. मी भाकरी थापत असले तरी त्या पीं पीं वरनं मला कळायचं पोरगी कुटं हाय ती. आता एक बूट पायात आन् दुसरा कुटं, तर पोरगी बोट दाखवतेय भांड्यात. बाहेर शेजारच्या खोलीतली शिलाई मशीनवाली आक्का दारावर थापा मारतेय, "आगं ए, झोपली का आत? मला बी जायाचंय!" आन् पाणी वरच येतंय. मी काय केलं, पहिलं चिमीच्या पायातला ऱ्हायलेला बूट काढला आन् पदराखाली धरला. घरी पळत गेले आन् त्यो पिठाच्या डब्यात, पार खाली, पिठाखाली दाबला. मंग बाहेर येऊन वरडले, "आवं, संडास तुंबला!"

तुमी म्हणाल एवढं काय त्यात, कुणाचा तुंबत न्हाई? पर तुमाला आमचे घरमालक ठाव न्हाईत.

आमी सगळे त्यांना बाबा म्हणायचो. घोडेगावात त्यांचं जुनं दगडाचं घर, पुढं अंगण, आन् अंगणाच्या कडंला चार खोल्यांची रांग, त्यात आमी भाडेकरी. टोकाला एकच संडास सगळ्यांत. त्याचा पाईप अंगणाखालनं जायचा तो मागं शेवग्याच्या झाडाखाली टाकीत. हा पाईप बाबांनी स्वतः टाकलेला, तरणे व्हते तवा. घर बापानं बांधलं, जमीन आज्यानं घेतली, बायको आईनं बघितली, पर पाईप त्यांचा एकट्याचा. असं ते स्वतःच सांगायचे.

त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. बाबांनी पाय थकल्यावर मेंढरं इकली, पर डोक्यातनं गेली न्हाईत. पायपाला ते पाईप म्हणायचेच न्हाईत, जनावर म्हणायचे. सकाळी उठलं की अनवाणी पायानं अंगणातनं पायपाच्या रेघंवरनं चालायचे, हितं टाच मार, तितं टाच मार, मंग पितळेचा पेला जमिनीवर पालथा घालून त्याला कान लावायचे. आमी चहा पीत बघत असायचो.

"काय म्हणतंय बाबा जनावर?" आक्का इचारायची. ती कपडे शिवायची आन् जीभ मशीनच्या सुईवानी.

"रवंथ करतंय," बाबा म्हणायचे. "काल कुणीतरी भात लई वतलाय. पांढरा आवाज येतोय."

आमावस्येला संडासात ताक वतायचे, पोट साफ ऱ्हातं म्हणून. पोळ्याला लोकं बैल रंगवतात, बाबा चेंबरचं झाकण रंगवायचे, गेरूनं, वर हळदीची बोटं, आन् पुरणपोळीचा तुकडा. त्यो तुकडा मांजर खायचं, पर बाबा म्हणायचे, "खाल्लं बघ."

आमी राहायला आलो त्या दिवशी त्यांनी आमाला खोली न्हाई दाखवली. पहिली तार दाखवली.

ओट्याच्या खांबापासनं शेवग्यापर्यंत एक तार बांधलेली, मला वाटलं कपडे वाळत घालायची. तर तिच्यावर एक मोडक्या दातांची फणी, एक पुरुष माणसाचा मोजा, एक स्टीलचा चमचा, एक बाहुलीचा हात, असं काय काय सुतळीनं बांधून लटकवलेलं. बाबा काठीनं एकेक दाखवायला लागले.

"ही फणी. डिंभ्याची मासेवाली बाई व्हती, पोरांच्या शाळेसाठी हितं ऱ्हायची. गेली."

"हा मोजा. कचेरीतला शिपाई. गेला."

"हा चमचा. मास्तरीण बाई. गेली."

ते 'गेली' असं म्हणायचे की मला वाटलं ती मास्तरीण वारलीच. मी ह्यांचा शर्ट मागनं धरला. मंग कळलं, ह्या सगळ्या वस्तू पायपातनं निघाल्या, आन् ज्याची वस्तू निघाली त्याची खोली सुटली. त्याच दिवशी. रडून न्हाई, पाया पडून न्हाई. आन् वस्तू बाबा परत द्यायचे न्हाईत, धुवून तारेवर. पुढच्या भाडेकऱ्याला दाखवायला.

"नेम एकच," बाबा म्हणाले, "ज्याची वस्तू घावंल, त्यानं जायाचं. माझ्या जनावराच्या पोटात फक्त जे जायाचं तेच गेलं पायजे." मंग चिमीकडं बघितलं. तिनं एक पाऊल टाकलं, पीं. बाबांनी भुवया वर केल्या. "हे कायतरी नवीनच मेंढरू हाय," म्हणाले, आन् खोली दिली.

आता मला ती खोली का पायजे व्हती ते सांगते, न्हाईतर तुमाला वाटंल एका खोलीसाठी ही बाई बूट पिठात का घालते. माझं सासर तळेघरला, डोंगरात, भीमाशंकराकडं. तितं पावसाळ्यात चिमीच्या छातीत घरघर व्हायची. एकदा अशी झाली की पोरीचे ओठ निळे, आन् गाडी गेलेली, दुसरी गाडी न्हाई. मी डोक्यावरनं गोणपाटाचं घोंगतं घेऊन तिला पोटाशी धरलं आन् पावसात रस्त्यानं चालत सुटले. एक दुधाची गाडी भेटली म्हणून. ती भेटली नसती तर, ते मी आजून बी पुढं इचार करत न्हाई. म्हणून ह्यांना म्हणलं, मला दवाखान्याच्या गावात ठिवा, एक खोली चालंल, अर्धी चालंल. सासूबाई म्हणत्यात, "गावात काय ठिवलंय, ये परत, नाचणी काढायला माणूस न्हाई." बारकं पोर असलेल्यांना खोली द्यायला कुणी तयार नसायचं. बाबांनी दिलती. ती गेली की परत तळेघर, परत तो पाऊस.

बाबांबद्दल अजून एक सांगायचं ऱ्हायलं. त्यांचं घोंगडं. अंगणात बरोब्बर मधी त्यांची खाट, ती कुणी हलवायची न्हाई, आन् खाटंवर ते काळं घोंगडं, काठाला पांढरी रेघ, टोकाला लोंबत्या धाग्यांना, दशांना, गाठी मारलेल्या. त्याला तीनच कोपरे व्हते. चौथा बिबट्यानं नेला.

आमच्याकडं बिबट्या काय नवीन न्हाई, उसात कुणाला बी दिसतो. पर बिबट्याच्या तोंडातनं मेंढरू वढून काढणारे बाबाच. कुणी पावणं आलं, लाईट गेली, कुणाच्या पोरानं जेवण सोडलं, की गोष्ट चालू. रातच्याला बिबट्या वाघरीवरनं उडी मारून आत आला, म्हंजी मेंढरं कोंडायचं जाळं असतं ना, त्याच्यावरनं. त्यानं कोकराचा पाय धरला. बाबांनी घोंगडं त्याच्या तोंडावर टाकलं. "त्यो तिकडं वढतोय, मी हिकडं वढतोय, त्यो गुरकावतोय, मी बी गुरकावतोय!" इथं बाबा खरंच गुरकवायचे, आन् चिमी दोन्ही हातानं टाळ्या वाजवायची. "शेवटी फाडकन कोपरा तुटला, बिबट्या कोपरा घेऊन उसात आन् मी कोकरू घेऊन खाली. त्या बिबट्याच्या पोरास्नी आजून तो कोपरा पांघराया आसंल."

आक्का एकदा घोंगडं हातात घेऊन म्हणाली, "बाबा, हे फाडल्यावानी न्हाई दिसत. सरळ हाय. कापल्यावानी."

"बिबट्याची दातं सरळच असत्यात," बाबा म्हणाले. "तुझ्यावानी वाकडी नसत्यात."

तर त्या दिवशी मी वरडले, संडास तुंबला, आन् बाबा खाटंवरनं असं उठले, जणू घरात लगीन निघालं. पटका बांधला, धोतर वर खोचलं. ह्यांची पिकअप टमाटी घेऊन नारायणगावच्या मार्केटला गेलती, म्हंजी मी एकटीच. बाबांनी सगळ्यांना अंगणात उभं केलं. मी, कडंला आक्का, तिच्या पलीकडच्या खोलीतला, सोसायटीत कामाला असलेला क्लार्क भाऊ, संडासला जायची घाई झालेला, एका पायावर उभा.

"कुणाचं काय पडलंय आत्ताच सांगा," बाबा म्हणाले.

बाबा माझ्यापुढं येऊन थांबले. चिमीकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"आज पीं पीं का न्हाई?"

"फोड आलाय बाबा. पायाला. बूट चावला."

"बूत गे..." चिमीनं तोंड उघडलं आन् मी तिच्या तोंडात बिस्कीट कोंबलं. आख्खं. पोरीचे डोळे मोठे झाले. आक्कानं माझ्याकडं बघितलं. आक्काला समजलं. मला वाटलं आता बोलती, तर ती बाबांकडं वळून म्हणाली, "परीक्षा घेत बसताय का जनावराला औषध देताय? फुगून मरंल की!"

तशी बाबांना जाग आली. पहिलं औषध गोडेतेल. मेंढरू फुगलं की तेल पाजायचं, पोटाला चोळायचं. बाबांनी संडासात तेलाची बाटली उपडी केली. आक्का कपाळाला हात लावून, "आगं बाई, भजी झाली असती एवढ्यात!" मंग कढत पाण्यात ओवा. मंग बाबा अंगणात पायपाच्या रेघंवर टाचा मारत चालले, पोट चोळल्यावानी. मंग पेला पालथा, कान लावला. आमी सगळे श्वास धरून. क्लार्क भाऊ तर कवाचाच धरून व्हता.

"ढेकर न्हाई," बाबा म्हणाले.

"बाबा, मी फोन लावतो," क्लार्क भाऊ म्हणाला, "टँकरवाला येतो, नळी टाकतो, मोटार चालू केली की पाच मिन्टात..."

"तुझं पोट फुगलं तर तुझ्या तोंडात मोटार लावू का रं?"

भाऊनं फोन खिशात घातला. थोड्या वेळानं ओळखीच्या घरी जाऊन आला आन् मंग जरा माणसात आला.

पाणी उतरंना. बाबांनी कळकाची, म्हंजी बांबूची, चिरलेली लांब पट्टी काढली आन् चेंबरमधनं पायपात सारली. ती जायची, जायची, आन् एका जागी अडायची. मऊ लागायची. बाबा जोर लावायचे, आन् दर टायमाला मला वाटायचं आता आतनं आवाज येतोय, पीं. मी मनातल्या मनात भीमाशंकराला म्हणत व्हते, देवा, फणी निघू दे, चमचा निघू दे, कुणाचं मंगळसूत्र निघू दे, फक्त लाल काय निघू देऊ नको.

पट्टी कुटं अडते ते बाबांनी बाहेरनं मापलं. पट्टी जमिनीवर ठिवली आन् तिचं टोक आलं बरोब्बर त्यांच्या खाटंखाली.

"खाट हलवा," बाबा म्हणाले. आवाज बारीक झालता. ती खाट कुणी कधी हलवली नव्हती. क्लार्क भाऊनं आन् आक्कानं ती उचलली, घोंगड्यासकट बाजूला ठिवली. भाऊनं टिकाव घेतला. माती निघाली, खाली चिनीमातीचा पाईप, दोन पाईप जिथं जुळतात तिथला सांधा, त्यावर सिमेंटचा गोळा. सिमेंट तडकलेलं.

"हळू," बाबा म्हणाले. "हळू रं. दुखंल त्याला."

भाऊनं हळूच ठोकलं आन् सांधा सुटला आन् जे काय बदाबदा आलं त्याचं वर्णन मी करत न्हाई, तुमी जेवत असाल. भाऊ शेवग्यापर्यंत पळाला. आक्का खाटंवर चढली. बाबा तसंच उभे, पायावरनं जातंय तरी हलले न्हाईत. मंग झाडाचा पाला वढायची त्यांची आकडी घेतली, लांब काठीला लोखंडाचा हूक, आन् पायपाच्या तोंडात घातली. कायतरी अडकलं. वढलं, येईना. चष्म्यावर सगळं उडालेलं.

"पोरी," मला म्हणाले, "मला दिसंना. तू वढ आन् बघ काय हाय ते. तुझी नजर ताजी हाय."

मी! म्हंजी माझ्याच हातानं माझी खोली वढायची. मी चिमी आक्काकडं दिली. काठी धरली. डोळं मिटलं आन् वढलं. एकदम सुटलं आन् मी मागं पडले आन् ते माझ्या पायापाशी पडलं. डोळं उघडायची हिंमत व्हईना. एक डोळा उघडला.

काळं व्हतं. लाल न्हवतं. काळं, लांबडं, लिबलिबीत, त्यात केसं, चिंध्या, काय काय गुंतलेलं. मी बादलीनं पाणी मारलं. अजून मारलं. तशी एक पांढरी रेघ दिसाया लागली. आन् टोकाला गाठी.

आक्का खाटंवर उभीच व्हती. तिनं खालचं बघितलं, मंग पायाशी घडी करून ठिवलेलं घोंगडं बघितलं. घोंगडं घडीसकट तसंच उचलून आणलं आन् त्याचा तो रिकामा कोना त्या तुकड्याशेजारी धरला. रेघंला रेघ लागली.

"कातरीनं कापलंय," आक्का म्हणाली. ती शिवणारी, तिला कोण फसवणार. मंग तिनं बाबांकडं बघितलं आन् एकदम मोठ्यानं, "बाबा! म्हंजी तुमचा बिबट्या संडासात बसला व्हता व्हय?"

क्लार्क भाऊ शेवग्याला धरून खाली बसला हसत हसत. मी बी हसले. खरं सांगते, मला हसू बिबट्याचं न्हाई आलं, बूट निघाला न्हाई म्हणून आलं, आन् मंग थांबंनाच. आन् मंग माझं लक्ष बाबांकडं गेलं.

ते त्या राड्यात उकिडवं बसलेले. तुकड्याच्या गाठी बोटानं चाचपत व्हते. "आईची गाठ," म्हणाले. "अशी कुणी मारत न्हाई."

क्लार्क भाऊ शेवग्याखालनं उठून जवळ आला.

"पाईप टाकताना गवंडी म्हणला सांध्याला सुतळी गुंडाळा, वरनं सिमेंट लावा. मी म्हणलो सुतळी कुजती, आमची लोकर कुजत न्हाई. त्यो हसला. मंग मी त्याला दाखवायचंच म्हणून कोपरा कापला आन् गुंडाळला. संध्याकाळी आईनं इचारलं, घोंगड्याचा कोपरा कुटं गेला? तिनं ईणलेलं ते, वर्सभर. तिला कसं सांगू संडासाच्या पायपाला बांधला? म्हणलं, बिबट्यानं नेला." गाठ मुठीत धरली. "आईला सांगितलं म्हणून मंग बायकोला बी तेच सांगावं लागलं. मंग गावाला. मंग माझं मलाच कोकरू बी आठवाया लागलं."

पाईप तवर गडगड वाजत मोकळा झालता, संडासातलं पाणी खाली गेलं, त्याच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. सिमेंट तडकल्यावर लोकरीचं टोक सुटून आत लोंबत व्हतं, जिभंवानी, आन् आलं-गेलं सगळं धरून ठिवत व्हतं. फणी, मोजा, चमचा, ते नायतर गुमान टाकीत गेलं असतं. बाबांनी मान वर करून तारेकडं बघितलं. टोकापासनं टोकापर्यंत.

क्लार्क भाऊनं नवीन पाईपाचा तुकडा आणून सांधा जोडला, बाबांनी जोडू दिला. मी घर धुवून, पोरीला धुवून, स्वतःला धुवून बाहेर आले तर खाट रिकामी. तार बी रिकामी. तिच्यावर एकटा तो कोपरा, सुतळीनं बांधलेला. माझ्या खिडकीत बाबांच्या घराची किल्ली.

"गेले व्हय?" आक्का म्हणाली. "येतील. भूक लागली की येतील."

पर मला ठाव व्हतं. ज्याची वस्तू घावंल, त्यानं जायाचं. त्याच दिवशी.

मी चिमीला घेऊन एसटी स्टँडवर गेले. बाबा बाकड्यावर बसलेले, पायात वहाणा, शेजारी आकडी, मांडीवर घोंगड्याचं गाठोडं, आन् हातात पिशवी. पिशवीत फणी, मोजा, चमचा, तारेवरचं सगळं.

"कुटं निघालात?"

"डिंभ्याला. फणी द्यायला. मंग शिपायाकडं, मंग मास्तरणीकडं."

"आन् मंग?"

"मंग बघू. मेंढरामागं कुटं बी ऱ्हाता येतं."

"मेंढरं कुटं हायत बाबा?"

ते रस्त्याकडं बघाया लागले. मला इचारलं, "डिंभ्याची गाडी कवा हाय?"

"ती येती तवा येती."

मी शेजारी बसले. मला लई भ्या वाटत व्हतं त्यांचं, पहिल्यापासनंच, कधी नीट बोलले नव्हते. पर किल्ली माझ्या मुठीत व्हती. मी म्हणलं, "बाबा, आमच्याकडं एक खोली रिकामी झालीय. भाडेकरी बघतेय मी."

त्यांनी तिरकं बघितलं. "कुणाची खोली?"

"एका म्हाताऱ्याची. त्याचा कोपरा पायपात घावला म्हणून गेला."

"माणूस कसा व्हता?"

"खोटारडा. पर अंगण झाडायचा."

बाबांनी मिशीवरनं हात फिरवला. मंग आमी पहिल्या दिवशी जसं त्यांना इचारलं व्हतं तसंच, अंग चोरून, "पाणी कवा येतं?"

"सकाळचं. आलं तर."

"संडास?"

"एकच, सगळ्यांत. पर आता लई झ्याक चालतो."

"आन् नेम काय?"

आता मी मालकीण ना. मी दम घेतला. "नेम असा हाय, ज्याची वस्तू घावंल, त्यानं ती धुवून घ्यायची आन् घरात न्यायची. बास."

"लई ढिला नेम हाय," बाबा म्हणाले. "असल्यानं भाडेकरी डोक्यावर बसत्यात."

"पटत नसंल तर डिंभ्याची गाडी बघा."

ते हसले. मिशीत. उठायला म्हणून त्यांनी गाठोड्यावर हात टेकून जोर दिला, आन् गाठोडं वाजलं.

पीं.

मी दगड झाले. बाबांनी परत दाबलं. पीं. चिमी टाळ्या वाजवायला लागली, "बूत! बूत आला!" आन् घोंगड्याच्या घडीत हात घालून तिनं लाल बूट वढून काढला. ही कारटी सकाळी बाबांच्या खाटंवर खेळत व्हती, तितंच घडीत सारलेला. भांड्यात फक्त टाटा केला व्हता.

बाबांनी बुटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "फोड बरा झाला वाटतं," म्हणाले.

फणी पुढं पोचली. मासेवाल्या बाईनं पहिलं भरपूर शिव्या दिल्या, मंग टोपलीतनं दोन मासे दिले. शिपायानं मोजा घेतला न्हाई, म्हणला ठिवा आठवण. मास्तरीण बाई रडली, आन् बाबा बी. असं ते सांगायचे. खरं खोटं त्यांचं त्यांना.

आता आमी मंचरला ऱ्हातो. आमी तितनं निघेस्तवर बाबा मला मालकीणबाईच म्हणायचे, चहात साखर टाकायची का ते बी इचारून. पर त्यांचं आठवलं की मला एकच दिवस आठवतो. एक नवीन जोडपं खोली बघायला आलतं. पोरगी माझ्याएवढीच, कडेवर तान्हं, डोळे भ्यालेले. तारेवर तो एकटा कोपरा बघून तिनं इचारलं, "हे काय वो?"

बाबांनी तोंड उघडलं. "हे व्हय. हे बिबट्या..." आन् थांबले. आक्काची मशीन थांबली. बाबांनी माझ्याकडं बघितलं, परवानगी मागतात तसं. आक्का दारात आली, तिचे ओठ आत्ताच हसायला लागलेले. सगळे माझ्याकडं बघतायत. मालकीण मी. खरं काय ते माझ्याच पायापाशी पडलेलं, माझ्याच हातानं धुतलेलं.

मी चिमीला सावरलं आन् म्हणलं, "बसा की खाली. लई मोठा बिबट्या व्हता. बाबा, कोकरापासनं सांगा."

आक्का मला आजून त्यावरनं बोलती. तुमी तिथं असता, त्या तारेखाली, ती पोरगी बघतेय, म्हातारा बघतोय, तर तुमी काय केलं असतं?